ताटावरून उठलेला जावई

"दत्तोबा, न्याहारी झाकून ठेव! डोंगर चढून येतो आणि मग खातो!"

लोणावळ्यातल्या आपल्या बंगल्याच्या पायरीवर उभं राहून हौशीराम घारे यांनी हे जाहीर केलं, आणि तेही अशा आवाजात की समोरच्या बंगल्यातला माळी हातातली झारी टाकून बघत राहिला. दत्तोबा आचारी पोह्यांचं पातेलं घेऊन दारातच थबकला.

"उपाशी पोटी जानार, सायेब?"

"मग काय भरल्या पोटी जाऊ? त्या टेकाडावर? अरे, विलायतेतले डोंगर चढताना मी पोटभर खायचो. त्यांचा मानच तेवढा होता! या ढेकळाला पोहे खाऊन जायचं म्हणजे ढेकळाला डोक्यावर बसवणं आहे!"

मागे त्यांच्या पत्नी कस्तुराबाई खांद्याला पडशी लावून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आणि बोलल्या नाहीत, याचाच हौशीरामांना जास्त राग आला.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं लोक म्हणत. साफ खोटं! शेंड्यावर असता तर एखाद्या शिंकेबरोबर उडून तरी गेला असता. हौशीरामांचा राग चांगला ऐसपैस होता, सगळ्या अंगात बिऱ्हाड करून राहिलेला. वडिलांनी घाटात रेल्वेची कंत्राटं घेऊन, डोंगर फोडून पैसा केला. चिरंजीवांनी तो पैसा डोंगर चढून संपवायला घेतला. पोटी मूलबाळ नाही, मागे शेतीची कटकट नाही. लग्न झाल्यापासून नवराबायको वर्षातले सहा महिने एक तर बोटीत, नाहीतर बर्फात! जग लोणावळ्याला हवा खायला येई, आणि हे दोघं लोणावळा सोडून परमुलखात धापा टाकायला जात.

म्हणजे धापा हौशीराम टाकत. कस्तुराबाई मावळातल्या, बेडशाच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, पायात खिळ्यांचे बूट घालून त्या अशा चालत, की गोरे वाटाडे टोप्या काढत. हौशीराम मागे पडले की वळून विचारत, "बसायचं का वाईच?" हाही राग होताच. पण तो किरकोळ. खरा राग माथ्यावर यायचा.

माथ्यावर पोचलं की हौशीराम घाम पुसत आणि सगळा डोंगर आपणच रचल्यासारखे विचारत, "कसा आहे?" कस्तुराबाई एका धोंड्यावर टेकत. चहूकडे नजर फिरवत. आणि म्हणत,

"बरा हाये. पन आमच्या वाघजाईवानी न्हाई."

वाघजाई म्हणजे बेडशाच्या मागचा डोंगर. जगाच्या नकाशात ठिपकासुद्धा नाही! जपानातल्या फुजीवर सूर्य उगवला तेव्हा भोवतालचे यात्रेकरू हात जोडून रडत होते. कस्तुराबाई म्हणाल्या, "बरा हाये. पन आमच्या वाघजाईवानी न्हाई." आफ्रिकेत हौशीराम शेवटचा चढ अक्षरशः रांगत चढले, नाकातून रक्त येत होतं, आणि वर हेच ऐकायला! एकदा नाही, दोनदा नाही, अठरा वर्षं! गेल्या साली स्वित्झर्लंडात कहर झाला. माथ्यावर हौशीरामांनी लोणावळ्याहून नेलेली गुळदाणी, म्हणजे गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तोंडात धरली होती, थंडीनं ती दगड झालेली, आणि त्याच क्षणी कानावर आलं, "पन आमच्या..." हौशीरामांनी संतापून कचकन दात आवळले. गुळदाणी शाबूत राहिली. दाढ गेली.

त्या दाढेच्या खड्ड्यावर जीभ फिरवत त्यांनी तिथल्या तिथे पण केला. आता वाघजाई! हिला तिच्या माथ्यावर नेऊन उभी करायची, आणि हिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, "हा लहान आहे." एवढे तीन शब्द! त्याशिवाय जगातल्या एकाही डोंगराची चव त्यांच्या तोंडाला लागणार नव्हती.

"चढा की," कस्तुराबाई म्हणाल्या होत्या. "कोन न्हाई म्हनतंय?" पण लुगड्याचा पदर उगाचच बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या होत्या. ते हौशीरामांनी पाहिलं नाही. रागात माणसाला बायकोचा पदर दिसत नाही.

सकाळच्या गाडीनं दोघं कामशेतला उतरले. स्टेशनाबाहेर एकच टांगा उभा होता. हौशीराम त्याच्याकडे न बघता तरातरा निघाले. डोंगर चढायला निघालेला माणूस टांग्यात बसतो की काय?

"कस्तुराआक्का!" टांगेवाला ओरडला. "कवा आलीस? आन् हे कोन..."

नसीर टांगेवाला बेडशाच्या शेजारच्या वाडीतला. कस्तुराबाईंच्या भावाचा बालमित्र. त्यानं हौशीरामांना खालून वर न्याहाळलं, आणि चाबूक काखेत मारून दोन्ही हातांनी सलाम केला.

"ह्येच का ते? ताटावरनं उठलेलं पाव्हणं?"

"कसलं ताट?" हौशीराम गरजले.

आता हे ताट सांगायलाच हवं. लग्न बेडशात झालं होतं. पंगत बसली, जावयाचं पान वाढून होत आलं, आणि लोणावळ्याहून तार आली, की बोट ठरल्यापेक्षा एक दिवस आधी सुटणार! हौशीरामांनी तार वाचली, "चल!" म्हणून नवरीचा हात धरला आणि भरल्या पानावरून उठून थेट स्टेशन गाठलं. मधुचंद्राला आल्प्स! त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. गावाच्या लेखी तो तिथे सुरू झाला. जावई भरल्या ताटावरून उठला! म्हणजे रुसला! म्हणजे मानपानात आपलं काहीतरी चुकलं! पण काय? कस्तुराबाई माहेरी आल्या की शपथा घेऊन सांगत, "अवं, रुसलं न्हाईत. डोंगर चढाया गेलते." कोण विश्वास ठेवणार? लग्नाच्या पंगतीतून उठून कोणी डोंगर चढायला जातं? गाव म्हणे, पोर गुणाची, नवऱ्याचा रुसवा झाकते. आणि जावई पुन्हा कधी बेडशाला फिरकला नाही, म्हणून रुसवा पक्काच.

"बसा पाव्हणं," नसीर अजिजीनं म्हणाला. "तुमी पायी येशीत शिरला तर अंबाजी माझ्या टांग्याची चाकं काढून घील."

"मी चालत जाणार!"

"आक्का, सांग की गं."

"मी चालत जाणार म्हणजे चालतच जाणार! तुझा टांगा घाल चुलीत!"

नसीरनं कस्तुराबाईंकडे बघून मान हलवली. 'बघितलंस?' अशा अर्थी. मग टांग्यात उडी मारली आणि घोडा असा पिटाळला, की टांगा धुरळ्यात दिसेनासा झाला. बेडशाच्या वेशीत शिरताना तो ओरडत होता, ते हौशीरामांना ऐकू आलं नाही. गावाला आलं.

"अंबाजी! जावई आला रं! पन रुसूनच आला! टांग्यात बी बसंना!"

हौशीराम वेशीशी पोचले तेव्हा तिथे हलगी वाजत होती. पाच सुवासिनी आरत्या घेऊन उभ्या होत्या. कस्तुराबाईंनी गाव दिसताच पायातले बूट काढून पडशीत कोंबले होते. माहेरात बूट घालून कशी जाणार? हौशीरामांना कसली अक्कल! ते बूट आपटत थेट गर्दीत शिरले. आणि मेहुणा अंबाजी, चांगला मिशाळ गडी, त्यांच्या पायावर आडवा झाला.

"दाजी, चुकलं आमचं!"

"काय चुकलं?"

"त्येच तर सांगा, दाजी! अठरा वरीस झुरतोय आमी!"

"बाजूला हो! मला उशीर होतोय!"

गर्दी हळहळली. लय राग हाय म्हणाली.

पाय धुतल्याशिवाय जावयाला आत घ्यायचा नाही, ही रीत. अंबाजीची बायको नंदाबाई घंगाळ घेऊन आली. दोघातिघांनी हौशीरामांना धरून ओसरीवर बसवलं आणि बूट ओढून काढले. कोमट पाण्यात पाय पडले, तेव्हा हौशीरामांना क्षणभर जरा बरं वाटलं. पण अंबाजीनं बूट उलटे करून पाहिले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो बूट छातीशी धरून परड्यात निघून गेला.

मग मानपान सुरू झाला. रुसवा कशाचा ते ठाऊक नाही, तेव्हा एकेक करून सगळंच देऊन बघायचं असं भाऊकीनं ठरवलेलं दिसत होतं. आधी फेटा आला.

"लग्नात लहान झालता का फेटा?"

"मला फेटा नको!"

फेटा नव्हता तर. पितळी हंडा आला. "नको!" घोंगडी आली. "नको म्हणतो ना!" एका म्हातारीनं खुंट्याची शेळी सोडून आणली आणि तिचा कासरा हौशीरामांच्या हातात दिला. शेळीनं त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात घेतला.

"अरे, तुम्ही माणसं आहात की कोण आहात! माझे बूट आणा!"

बूट आले. अंबाजीनं ते दोन्ही हातांवर धरून, देवाला नैवेद्य दाखवावा तसे पुढे केले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मागे एक माणूस बैलांचे नाल काढायची पक्कड घेऊन उभा होता.

"दाजी, शपथ घिऊन सांगतो, आमच्या गावचं ह्ये काम न्हाई. कुना मेल्यानं तुमच्या बुटात खिळं ठोकलं हुतं! धा-बारा न्हवं, तळवा भरून! समदं उपटून काढलं. आता खुशाल चाला!"

हौशीरामांनी बूट उलटा केला. स्वित्झर्लंडातल्या कारागिरानं पायाचं माप घेऊन, निसरड्या कातळावर पाय घट्ट राहावा म्हणून एकेक खिळा बसवलेला तो बूट! तळाला आता नुसती भोकं होती. भाकरी भाजताना टोचावी तशी! आधी कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. मग ते फुटले.

"मला फेटा नको! हंडा नको! शेळी नको! तुमचं काही, काही म्हणजे काही नको! मला फक्त तो डोंगर पाहिजे! डोंगर!"

आणि त्यांनी हातातली काठी वाघजाईकडे रोखली.

हलगी थांबली. ओसरीवर इतकी शांतता पसरली, की शेळी सोगा चावत असल्याचा आवाज ऐकू आला.

सगळ्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं, मग कोंडाजी आबांकडे. कोंडाजी आबा म्हणजे कस्तुराबाईंचे चुलते, भाऊकीतले सगळ्यांत वडीलधारे. सगळ्या गावाची गुरं त्या डोंगरावर चरत. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला, म्हणजे भाजावळीला, पालापाचोळा तिथूनच यायचा, घरं शाकारायला गवत तिथलंच. डोंगर गेला तर बेडशाचं राहिलं काय?

"आबा, न्हाई म्हना," कोणीतरी पुटपुटलं.

आबा काठी टेकत उठले.

"पोर अठरा वरीस खाली मान घालून माहेराला येती. तिच्या सौंसारापुढं डोंगर काय घिऊन बसलात?" त्यांनी तांब्या मागवला, हौशीरामांचा हात ओढून पसरला आणि तळव्यावर पाणी सोडलं. "घ्या जावईबापू. दिला डोंगर."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अंबाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हौशीराम ओल्या तळव्याकडे खुळ्यासारखे बघत होते. आपण न मागता डोंगराचे मालक झालो, हे डोक्यात शिरायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अहो, मला डोंगर नको!"

"आता डोंगर बी नको?" आबा मटकन खाली बसले.

"आता ह्यो लोहगड मागतोय बघा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"मला चढायचाय! फक्त चढायचाय! चढायचं आणि उतरायचं!"

"कशापायी?" आबांनी विचारलं.

हौशीरामांनी तोंड उघडलं. बायकोशी वाद जिंकायला, असं भर गावात सांगता येईना. ते तोंड तसंच मिटलं. चढायला कारण नाही, म्हणजे हे नुसतं निमित्त. म्हणजे रुसवा अजून पोटातच! गाव हवालदिल झालं.

तेव्हा पहिल्यांदा कस्तुराबाई बोलल्या.

"आबा, का जिवाला घोर लावून घेता? त्यानला डोंगर नको न् काय नको. मानूस ताटावरनं उठला ना? मग ताटावरच बसवा. त्या दिशीची पंगत पुरी करा."

ओसरीवरचे सगळे चेहरे एकदम उजळले. अरे, खरंच की! इतकं साधं कुणाला सुचलं कसं नाही? हौशीरामांनी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरी असती तर जळून गेली असती. कस्तुराबाईंनी नजर चुकवली आणि त्या लगबगीनं चुलीकडे गेल्या.

ओसरीवर पाट मांडला, अगदी डोंगरासमोर. पुरणपोळ्या, गुळवणी, लापशी, भात, आमटी, कुरडया. उपाशी पोटी निघालेल्या हौशीरामांच्या तोंडाला, खोटं कशाला बोला, पाणी सुटलं. दोन घास खाऊ, उठू आणि सुटू, असा त्यांनी हिशेब केला. हा हिशेब गावाला माहीत नव्हता. गावाचा हिशेब असा, की त्या दिवशी ज्यानं ज्यानं वाढायला हातात घेतलं होतं, त्यानं त्यानं आज आपलं वाढप पुरं करायचं. आणि वाढणारा पुरे म्हणेल तेव्हाच जेवणारा थांबणार.

पहिल्या पाच पोळ्या हौशीरामांनी आनंदानं खाल्ल्या. पुढच्या तीन रागानं खाल्ल्या. मग लापशीवाला आला. लापशीच्या मागे गुळवणीवाली.

"पुरे!"

"आसं कसं, पाव्हणं? माझी वाटी तवा भरलेलीच ऱ्हायली."

"पुरे म्हणतो ना, बाई!"

"बघा, अजून घुश्शातच हायत. वाढ गं, आनखी वाढ!"

जितके ते ओरडत, तितकं पानात पडे. शेवटी त्यांनी पान दोन्ही हातांनी झाकलं. तेव्हा समोर नथू नावाचा एक गडी भाताचा हंडा घेऊन उभा राहिला. तो आग्रह करेना. नुसताच उभा.

"जा, मला भात नको," हौशीराम म्हणाले.

"दाजी, त्या दिशी माझा बा हंडा घिऊन तुमच्या म्होरं आलता, आन् तुमी उठला. गेला बा. पन जाईस्तवर म्हनायचा, माझा भात ऱ्हायला. मलाच बघून उठलं पाव्हणं."

हौशीरामांनी नथूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपण त्या दिवशी तार वाचली आणि उठलो. समोर कोण उभं होतं ते पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी पानावरचे हात काढले.

"वाढ," ते हळूच म्हणाले. "वडलांचं आणि तुझं, दोन्ही वाढ."

नथूनं वाढलं, आणि हौशीरामांनी खाल्लं. शेवटचा घास गिळून त्यांनी वर मान केली, तेव्हा त्यांना ते दिसलं. समोर वाघजाईच्या खिंडीच्या वर, कातळाच्या धारेवर एक हिरवा ठिपका सरकत होता. हिरवं लुगडं! काष्टा घट्ट मारलेला. चाल अशी, की अख्ख्या आल्प्सात दुसरी नाही.

"कस्तुरा!"

हौशीराम उठायला गेले.

"उठू नगा!" सगळं गाव एका आवाजात किंचाळलं. चौघांनी त्यांना खांद्याला धरून पाटावर दाबलं. भरल्या ताटावरून पुन्हा एकदा? जीव गेला तरी चालेल!

"अरे, ती बघा! ती तिकडे!" हौशीराम डोंगराकडे बोट नाचवू लागले.

"दिला की वो डोंगर!" आबा काकुळतीला आले. "तुमचाच हाय! जेवा आता!"

कोणी मागे वळून बघेना. सगळ्यांचे डोळे जावयाच्या पानाला चिकटलेले. आणि हौशीराम, ज्यांनी जग पालथं घातलं, ते पाटावर रुतून, हाताशी कुरड्यांची रास, आपला डोंगर बायको एकटी चढताना बघत होते. सांगून कोणाला कळत नव्हतं. उठता येत नव्हतं. खरं सांगायचं तर आता कोणी सोडलं असतं तरी उठता आलं नसतं.

उन्हं कलली तेव्हा कस्तुराबाई परड्याच्या वाटेनं गुपचूप आल्या. लुगड्याला कुसळं लागली होती, कपाळावर घाम होता. हौशीराम ओसरीच्या खांबाला टेकून, पाय पसरून पडले होते. त्या शेजारी येऊन बसल्या.

"मला टाकून गेलीस!" ते दबक्या आवाजात कडाडले. मोठ्यानं ओरडावं तर पुन्हा लापशीची भीती! "मला मुद्दाम पाटावर बसवलंस!"

"व्हय."

"का?"

"मला आधी एकटीला बघायचा हुता."

"अगं, लहानपणापासून पाहिलेला डोंगर, त्यात बघायचं काय?"

कस्तुराबाईंनी लुगड्यातलं एक कुसळ उपटून काढलं.

"मी कवा चढलेच न्हवते."

"काय?"

"पोरीनं खिंडीच्या वर जायाचं न्हाई, आसं आबा म्हनायचे. पोरं जायाची. वरनं हाका मारायची. मी खाली गुरं राखीत ऱ्हायाची आन् बघायची, वर काय आसंल? मग तुमी जगातलं एवढालं डोंगर दावलं. दर येळी वाटायचं, ह्यो न्हवं. तुमी वाघजाईला जायाचं काढलं तवा भ्याले. बारका निघाला तर? तुमच्यासमोर निघाला तर?"

हौशीरामांनी दाढेच्या खड्ड्यावरून जीभ फिरवली. अठरा वर्षं! फुजी, आफ्रिका, आल्प्स, सगळे एका न चढलेल्या डोंगरापुढे हरले होते! आपण नाकातून रक्त गाळत रांगत होतो, आणि ही बाई खालून पाहिलेल्या डोंगराशी मापं काढत होती! राग असा उसळला की लापशीची भीतीसुद्धा वाहून गेली.

"म्हणजे अठरा वर्षं तू मला..."

"आन् दाजी पुन्यांदा रुसले!" नंदाबाई आतून ओरडली.

अंबाजी धावत गोठ्यात गेला आणि एक कालवड घेऊन आला. हौशीरामांनी ताबडतोब तोंड मिटलं. मिटलं आणि हसले. आयुष्यात पहिल्यांदा ते रागावलेले असताना हसले, आणि ते हसू बघून शेळीसुद्धा दोन पावलं मागे सरली. पण गावाला ते पुरलं. रुसवा निघाला! हलगी वाजू लागली. हौशीरामांनी डोंगर परत दिला, शेळी परत दिली. कालवड मात्र गाव काही केल्या परत घेईना.

संध्याकाळी नसीरच्या टांग्यात हौशीराम निमूट बसले. पायात बिनखिळ्यांचे बूट, मागे कालवड. रेल्वेत कालवड घेईनात, म्हणून टांगा थेट लोणावळ्यापर्यंत. वाटेत घाटाच्या बाजूला डोंगर काळे पडत चालले होते.

"बरं, कसा होता?" शेवटी त्यांनी विचारलंच. "बारका?"

"बरा हाये," कस्तुराबाई म्हणाल्या. "पन खालनं दिसतो तसा न्हाई."

हवे होते ते शब्द जवळजवळ मिळाले होते. हौशीरामांनी ते पुन्हा वदवून घेतले नाहीत. का कोण जाणे, त्यांना ते गोड लागले नाहीत.

बंगल्याच्या दारात दत्तोबा उभा होता.

"सायेब, न्याहारी झाकून ठिवलीय. आनू?"

त्यावर हौशीराम काय बोलले, ते दत्तोबानं नंतर कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या साली दोघं पुन्हा स्वित्झर्लंडात होते. नवा बूट, नवे खिळे, दोरीला सोबत दोन इंग्रज आणि एक वाटाड्या. वाघजाईला जायचं हौशीरामांनी नंतर एकदाही काढलं नाही. पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा पाट! माथ्यावर पोचले तेव्हा ढग फाटले आणि दूरवर बर्फाची शिखरंच शिखरं उजळली. इंग्रजांनी टोप्या काढल्या. वाटाड्यानं छातीवर हात ठेवला. कस्तुराबाई धोंड्यावर टेकल्या, गुळदाणीचा तुकडा तोंडात टाकला, आणि पहिल्यांदाच, अगदी मनापासून म्हणाल्या,

"लय झ्याक हाये वो ह्यो!"

हौशीरामांनी घाम पुसला. चहूकडे नजर फिरवली. आणि त्यांच्या तोंडून, त्यांना कळायच्या आतच, निघून गेलं,

"बरा आहे. पण आपल्या वाघजाईसारखा नाही."

कस्तुराबाईंनी कचकन दात आवळले.

"तुमी कवा चढला हो तिच्यावर?"

"चढायला कशाला हवं?" हौशीराम म्हणाले. "खालून पाहिलाय की चांगला. जेवताना."